तांबडगडचा शिक्का

"लग्न करायचं म्हणतेस, हेच लक्षण आहे, आई," अभिजित म्हणाला. "पक्षाघातानंतर मेंदू असं काहीतरी करतो. मी वाचलंय."

मी चहा ओतत होते. डावा हात अजून जरा मागे राहतो, म्हणून किटली उजव्या हातात धरली होती. त्याला दिसावं म्हणून कप काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता त्याच्यापुढे ठेवला.

"आणि काय काय लक्षणं लिहिलीत त्यात?"

"चेष्टा करू नकोस. तुझे शब्द हरवतात. परवा उलथन्याला झारा म्हणालीस."

"पण भाकरी उलटली का नाही?"

तो हसला नाही. माझा मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. मी दवाखान्यात होते तेव्हा माझ्या तोंडाची वाकडी बाजू तो ओल्या फडक्यानं पुसत बसायचा. त्या दिवसांत तो जो घाबरला, तो घाबरलेलाच राहिला. मी हसले तरी त्याला काळजी वाटायची, आणि गप्प बसले तर त्याहून जास्त.

शिवाप्पा मास्तरांशी मी लग्न करायचं ठरवलं होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमधले. इचलकरंजीतल्या निम्म्या लग्नांत त्यांनी क्लॅरिनेट वाजवलंय. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, माझा नवरा जाऊन त्याहून जास्त. आमची ओळख विरंगुळा केंद्रातली. माझा हात लुळा पडला तेव्हा रोज सकाळी समोर बसून ते माझ्याकडून बोटांचे व्यायाम करून घ्यायचे, आणि वाद्याच्या भोकांवर बोटं ठेवायला लावायचे. एकदा माझ्या डाव्या करंगळीनं भोक नीट झाकलं गेलं आणि सूर निघाला. त्या दिवशी मीच त्यांना विचारलं. त्यांनी नाही.

विवाह नोंदणीला आम्ही अर्ज दिला आणि अभिजितनं हरकत घेतली.

कायदा असा होता. मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या निर्णयावर घरच्या कुणी हरकत घेतली, तर क्षमता केंद्रात चाचणी द्यायची. पास झालात तर तुमचा शब्द तुमचा. नापास झालात तर हरकत घेणाराच तुमचा पालक. मग कुठं राहायचं, कुणाबरोबर राहायचं, कुठलं औषध घ्यायचं, सगळं तो ठरवणार.

मी पन्नाशी उलटल्यावर लिहायला शिकले. त्याआधी आयुष्यभर यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या, जेव्हा मागांना माणसं लागत होती तेव्हा. पहिल्यांदा 'हौसाबाई हुपरे' असं लिहिलं तेव्हा नगरपालिकेच्या वर्गातल्या बाईंनी ते फळ्यावर लावलं होतं. आता ती सही कुणी मोडीत काढणार असेल तर निदान झुंज देऊन जाऊ दे, असं मी ठरवलं.

*

क्षमता केंद्र जुन्या सूतगिरणीच्या जागेत होतं. तिथल्या डॉक्टर नफीसा मोमीन. वयानं माझ्या अभिजितएवढ्या, बोलणं स्वच्छ, आणि ऐकताना मान न हलवणाऱ्या. मला ते आवडलं. नुसती मान हलवणारे डॉक्टर मी खूप पाहिले होते.

"आधी आम्ही प्रश्न विचारायचो," त्या म्हणाल्या. "आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत चला, घड्याळाचं चित्र काढा. पण त्यात माणसाची शाळा मोजली जायची, डोकं नाही. शिकलेली माणसं मेंदू बिघडूनही पास व्हायची आणि न शिकलेली चांगली असून नापास."

"मग आता काय मोजता?"

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "इथं मागे मेंदूचा जो भाग आहे, तो तीन दोऱ्या एकत्र धरतो. आज मी काय करणार, त्याचं पुढं काय होणार, आणि मला मुळात काय हवंय. निर्णय घेणं म्हणजे या तिन्ही दोऱ्या न सोडता गाठ मारणं. ही टोपी घातली की तिच्यातले तांबडे दिवे कवटीतून थोडे आत जातात आणि रक्त कुठं धावतंय ते दाखवतात. पण मेंदू कामाला लागला तरच रक्त धावणार. त्यासाठी काम लांबलचक हवं, गुंतागुंतीचं हवं, आणि माणसाला अगदी नवं हवं."

ते काम म्हणजे एक खेळ होता.

तरुण पोरं असले खेळ फार वर्षांपासून खेळतात. मध्ययुगातलं राज्य चालवायचं. गोळ्या झाडायच्या नाहीत, पळायचं नाही. समोर भिंतीएवढा नकाशा. तुम्ही राजा. तळी खोदा, किल्ले बांधा, सोयरिकी जुळवा, तह करा, बंडं मोडा, म्हातारे व्हा आणि मरा. मेलात की तुमचा वारस म्हणजे तुम्ही. केंद्रानं त्यात एक नवी गोष्ट घातली होती. खेळातल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं लहानसं डोकं होतं. ते माणूस अपमान लक्षात ठेवायचं, आशा धरायचं, खोटं बोलायचं, आपल्या मुलाला आपलं वैर शिकवून जायचं. तुम्ही तोंडानं हुकूम द्यायचा, ती माणसं तोंडानं उत्तर द्यायची.

"जिंकायचं नाही," मोमीन मॅडम म्हणाल्या. "तुम्ही किती चांगलं खेळता ते आम्ही बघतच नाही. किती शिकता ते बघतो. आणि कुणाच्या दबावाखाली तुमचा निर्णय तुमचाच राहतो का, ते. आजारी मेंदूचं मोठं लक्षण ते असतं. शेवटी जो बोलला त्याचंच त्याला खरं वाटतं."

मी मनात म्हटलं, हे लक्षण चांगल्या मेंदूंतही पुष्कळ पाहिलंय.

*

सराव करायला मुभा होती. मास्तर सोबत यायचे आणि मागे खुर्चीवर बसायचे.

माझं राज्य तांबडगड. सगळी नावं बनवलेली, नद्याही बनवलेल्या. राजाचं नाव अर्जुनदेव. पहिल्या सरावात मी दरबारात आलेल्या प्रत्येकाला आहेर दिला. भाट आला, आहेर. वकील आला, आहेर. शेजारच्या काळकोटचा हेर व्यापारी बनून आला, त्यालाही शेला-पागोटं. कोठार रिकामं झालं आणि शिपाई पळून गेले.

"राज्य चालवताय का बारसं करताय?" मास्तर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी हात आखडला, तर सरदार रुसले. तिसऱ्या खेपेला माझी वाचायची सवय आडवी आली. पडद्यावर निरोप यायचे. मी जोडाक्षरांवर थांबत एकेक निरोप पुरता वाचायची, आणि तोवर खेळातला महिना सरायचा. दुष्काळाचा निरोप वाचून होईपर्यंत पाऊस येऊन गेलेला असायचा. मग मला कळलं की निरोप वाचून दाखवायलाही सांगता येतं. ते कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं म्हणून कळलं. मोमीन मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या खेळात राज्य चांगलं बसलं. तळी भरली, कोठार भरलं, काळकोटला मुलगी देऊन सोयरीक केली. आणि राजा अर्जुनदेव तापानं गेला. पडद्यावर अक्षरं आली: आता आपण राजा नागदेव आहात. हुकूम द्या.

मी हात मांडीवर ठेवून बसले.

काळकोटचं सैन्य हललं. सरदार विचारायला लागले, महाराज, हुकूम? मी गप्प. एक किल्ला गेला. महाराज, हुकूम? दुसरा गेला.

"बाई, बोला की!" मास्तर मागून ओरडले.

"सुतक आहे."

"कुणाचं?"

"राजाचं. अजून तेरावा व्हायचाय. पागोटं बांधल्याशिवाय पोरगा गादीवर कसा बसंल?"

"अहो, राजा खेळातला! तुम्हाला कसलं सुतक?"

"मीच होते की राजा."

"मग मेलेलं माणूस स्वतःचं सुतक पाळतंय व्हय?"

मोमीन मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या. मलाही हसू फुटलं, पण मी हुकूम दिला नाही. तांबडगड पडला. आणि काचेपलीकडे अभिजित उभा होता, त्या दिवशी तो बघायला आला होता. तो हसत नव्हता. बाहेर भेटल्यावर त्यानं मोमीन मॅडमना विचारलं, "बघितलंत ना? खेळ आणि खरं यातला फरक तिला कळेना झालाय."

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी काय करतात ते बघू या."

घरी मी विचार केला. वडील गेल्यावर मुलानं लगेच शिक्का उचलावा हे माझ्या हातून होणार नव्हतं. खेळ असला तरी नव्हतं. पण तेवढ्यासाठी राज्य उपाशी का मरावं? आमच्याकडे घरात कुणी गेलं की भावकी चूल सांभाळते. राज्याला भावकी का नसावी?

पुढच्या खेपेला राजा धडधाकट असतानाच मी सगळा दरबार बोलावला. सांगितलं, राजा गेला तर पागोटं बांधेपर्यंत शिक्का युवराजाच्या धाकट्या काकाकडे, आणि सैन्य काकाकडे नाही, ते सेनापतीकडे. एकाच्या हातात दोन्ही द्यायचं नाही. राजा मेला. मी पुन्हा हात मांडीवर ठेवले. काळकोटचं सैन्य सीमेपर्यंत आलं, काकानं दारं लावली, सेनापती तटावर उभा राहिला, ते परत गेलं. तेरावा झाला, नागदेवाला पागोटं बांधलं, मग मी तोंड उघडलं.

मोमीन मॅडमनी मला पडदा फिरवून माझ्या शिकण्याची एक रेघ दाखवली. आधीच्या खेळात ती खाली गेली होती, आता वर चढत होती. "मागच्या वेळी यंत्रानं तुमचं गप्प बसणं चूक म्हणून धरलं होतं," त्या म्हणाल्या. "या वेळी बेत म्हणून धरलंय. वागणं तेच आहे. तुम्ही त्याला जागा करून दिलीत."

मी मास्तरांकडे मान वळवून बघितलं. ते क्लॅरिनेटच्या पेटीवर ताल धरून बसले होते, जणू ती रेघ त्यांनीच चढवली होती.

*

चाचणीच्या दिवशी सकाळी मी ठेवणीतली इरकल नेसले. नातेवाइकांना काचेमागे बसता येत होतं. एका टोकाला अभिजित, दुसऱ्या टोकाला मास्तर, मध्ये रिकाम्या खुर्च्या.

टोपी घातली. तांबडगड, पण पुढच्या पिढीतला. मी राणी पद्मलदेवी, म्हातारी. युवराज तरुण आणि उतावळा. पीक उभं होतं. आणि काळकोटचं सैन्य नदीपलीकडे तळ देऊन बसलं होतं. आमच्या दुप्पट.

बराच वेळ सगळं सरावासारखंच चाललं. मग सेनापती बोलला.

"बाई, आत्ताच चाल करायची. थांबलात तर संपलं. माझ्यावर विश्वास न्हाई व्हय तुमचा?"

तो मास्तरांचा आवाज होता. तंतोतंत, 'बाई' म्हणताना जरा खाली जाणारा. मी मागे वळून काचेकडे बघितलं. मास्तर तोंड मिटून, डोळे विस्फारून बसले होते. ते बोलत नव्हते. केंद्रानं आम्हा सगळ्यांकडून आधी एकेक पान वाचून घेतलं होतं, आवाज वापरू म्हणून संमतीही घेतली होती. कशासाठी, ते आता कळलं.

पाठोपाठ प्रधान बोलला.

"आईसाहेब, तुम्ही दमलात. तुमचं वय झालंय. शिक्का युवराजांकडे द्या आणि स्वस्थ बसा. आम्ही बघतो सगळं. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

तो अभिजितचा.

एका बाजूला सेनापती, 'बाई, आत्ताच', दुसऱ्या बाजूला प्रधान, 'द्या शिक्का', पुन्हा पुन्हा, थांबायचं नाव नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही ऐकावंसं वाटलं. मास्तरांचं ऐकायचं कारण मला ते आवडतात. अभिजितचं ऐकायचं कारण मी खरंच दमले होते.

मला काय हवं होतं ते माझ्या डोक्यात लख्ख होतं. त्याचा शब्द आठवेना. दोन राज्यं लढाई थांबवतात, अटी ठरवतात, त्याला म्हणतात... सरावात शंभरदा उच्चारलेला शब्द. तोंडाशी नुसती हवा. काचेमागे अभिजित उभा राहिला. त्याला कळलं होतं की माझा शब्द हरवलाय. बाकी कुणाला कळलं नसेल, त्याला कळलं.

मी डोळे मिटले. शब्द शोधायचं सोडून दिलं.

"काळकोटच्या राजाला सांगा," मी म्हणाले, "पीक दोघांचंही उभं आहे. दोघांनी मागं सरायचं. नदीचं पाणी दोघांनी प्यायचं. सुगी होईपर्यंत कुणी घोडा पाण्यात घालायचा नाही. त्याबद्दल करवंदगड त्याला देते. गड डोंगरावर आहे, त्यावर दाणा पिकत नाही."

यंत्र क्षणभर थांबलं. मग पडद्यावर उमटलं: तहाचा निरोप रवाना.

तह. एवढाच तो शब्द.

"गड देताय?" सेनापती मास्तरांच्या आवाजात कडाडला. "मग मी चाललो."

"जा," मी म्हणाले. "राग उतरला की ये. तुझी जागा कुणाला देत नाही."

"आईसाहेब, शिक्का," प्रधान म्हणाला.

"शिक्का माझ्याकडंच राहणार. तुला माझी फार काळजी वाटते ना? मग कोठाराची काळजी तू कर. आजपासून धान्य तुझ्या ताब्यात. मोजून घे, उंदीर बघ, ओल बघ. माझं मी बघते."

प्रधान मग हळू म्हणाला, "जशी आज्ञा."

काळकोटनं तह मान्य केला. सुगी झाली. तांबडगड एका गडानं लहान झाला आणि उभा राहिला. टोपीचे दिवे विझले.

*

मोमीन मॅडमनी आम्हा तिघांना आत बोलावलं. पडद्यावर माझ्या डोक्याचं चित्र होतं, तांबडे डाग असलेलं.

"हे आवाज ऐकल्याबरोबरचं," त्या म्हणाल्या. "भीती आणि जिव्हाळा, दोन्हीकडे रक्त उसळलंय. पुष्कळ जणांच्या हातून इथं दोऱ्या सुटतात. चांगल्या माणसांच्यासुद्धा. आणि हे त्यानंतरचं. कपाळामागचा भाग बघा. त्यानं पुन्हा सगळ्या दोऱ्या ओढून धरल्यात. शब्द सापडत नव्हता तेव्हाही निर्णय जागेवर होता. शब्दांचं कोठार वेगळं आणि निर्णयाचं वेगळं, हे इतकं स्पष्ट मी क्वचित पाहिलंय." त्यांनी पडदा बंद केला. "हौसाबाई, तुम्ही सक्षम आहात. हरकत फेटाळली."

"आणि खेळ कसा झाला?" मी विचारलं.

"खेळ म्हणाल तर अगदीच नवशिक्या. किल्ला फुकट दिलात."

"फुकट कसा? सुगी घेतली की त्याची."

त्या हसल्या आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. डावा हात. मी मुद्दाम तोच पुढे केला होता.

बाहेर आवारात ऊन होतं. मास्तर म्हणाले, "माझं ऐकलं न्हाईसा म्हणायचं."

"लग्न झाल्यावरबी ऐकीन असं धरून चालू नका."

"पण गड खरंच द्यायला नको हुता बाई," ते म्हणाले, आणि पुढे जाऊन आपली स्कूटर झाडाखालून काढू लागले. आम्हा दोघांना बोलायला मोकळीक दिली त्यांनी, कळलं मला.

अभिजित गाडीला टेकून उभा होता. "आई, तो मी नव्हतो," तो म्हणाला. "ते यंत्रानं बनवलेलं होतं. शिक्का दे वगैरे मी कधी म्हणालो नाही."

"आवाज तुझा होता."

"शब्द माझे नव्हते."

"शब्दही तुझेच होते, पोरा. सहा महिने ऐकतेय. फक्त शिक्का म्हणत नव्हतास."

जमिनीकडे बघत तो मग म्हणाला, "काचेमागून ऐकताना... मला वाटलं, हा माणूस तिला बोलू का देत नाही?" त्यानं वर बघितलं. "प्रधान चुकीचं काय बोलत होता पण? तू दमलेली दिसत होतीस."

"दमलेच होते. चुकीचं काहीच बोलत नव्हता तो. पण दमलेल्या बाईनं काय करायचं ते दमलेल्या बाईनं ठरवायचं."

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि, सवयीनं, माझ्या तोंडाची डावी बाजू पुसायला हात पुढे केला. मग मध्येच थांबला आणि रुमाल माझ्या हातात दिला. मी माझं तोंड माझ्या हातानं पुसलं.

"लग्न पुढच्या महिन्यात," मी सांगितलं. "तुला यायचं तर ये. आलास तर पुढच्या रांगेत बस, मागं उभा राहून चेहरा पाडायचा नाही."

"येतो," तो म्हणाला. "चल, घरी सोडतो."

तेवढ्यात मास्तरांनी स्कूटर आणून उभी केली. "बसा बाई. मी सोडतो."

अभिजितनं गाडीचं दार उघडलं. मास्तरांनी मागच्या सीटवरची धूळ झटकली. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. दोघांच्या डोळ्यांत तीच काळजी होती, आणि दोघांना वाटत होतं की आपलीच बरोबर आहे.

"तुम्ही दोघं व्हा पुढं," मी म्हणाले. "मी चालत येते."

"एवढं लांब?" दोघं एकदमच बोलले.

मी पदर खोचला आणि फाटकातून बाहेर पडले. सूतगिरणीपासून आमच्या गल्लीपर्यंत सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मागांच्या शेडी, आतून यंत्रांचा खडखडाट, माणूस एकही नाही. या रस्त्यानं मी पोरवयापासून मान खाली घालून कामाला जायची. आता मान वर होती. डावा पाय जरा ओढत होता, ओढू दे. पुढच्या वळणावर पानपट्टीवाला म्हणाला, "हौसाक्का, मिरवणूक कसली ओ?"

मी मागं वळून बघितलं. पुढं व्हा म्हटलेलं दोघांनीही ऐकलं नव्हतं. माझ्या मागोमाग, माझ्या चालीनं, एका अंगाला अभिजितची गाडी येत होती आणि दुसऱ्या अंगाला मास्तरांची स्कूटर.

"माझी हाय," मी म्हणाले, आणि चालत राहिले.